‘आज कोण रडलं?’ : शालेय शिक्षण विभागाला एका प्राथमिक शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, मा. सचिव, मा. शिक्षण आयुक्त, तसेच जिल्हा परिषदांमधले सर्व शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख

विषय : केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांसाठी दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेतला एक तास शिक्षकांना मिळणेबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

आजवर मी खात्याला लिहिलेलं प्रत्येक पत्र ‘मार्फत’ गेलं. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी असे एकेक शिक्के घेत पुढे सरकलं. रजेचे अर्ज, गळक्या खोलीची पत्रं, पोषण आहाराच्या तांदळाची मागणी हे सगळं त्याच वाटेने जातं आणि जायलाही हवं. आज मला जे सांगायचं आहे त्याला त्या वाटेवर कुठलंच टेबल नाही. म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी. नोकरीला तेवीस वर्षं झाली. पटावर यंदा ३८ लेकरं आहेत. (आमच्याकडे मूल म्हणत नाहीत, लेकरू म्हणतात. पत्रातही मला तोच शब्द येतो आहे, तो तसाच राहू द्या.) दिवाळीनंतर या ३८ पैकी वर्गात १७ उरतात. बाकीची आईबापांबरोबर कारखान्याला जातात. गावात ‘ऊसतोडीला गेले’ असं कुणी म्हणत नाही, ‘कारखान्याला गेले’ म्हणतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात.

गाडी भरते ती बहुधा रात्री. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली पत्र्याच्या पेट्या, कोपीचे (झोपडीचे) बांबू आणि ताडपत्री, ज्वारीची पोती, एखादी शेळी, टोपलीखाली कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर लेकरं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं रडणं ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नाही. मी तालुक्याच्या गावी राहते, पण गाड्या भरायच्या दिवसांत एकदोन रात्री मुद्दाम गावातच थांबते. काही वर्षांपूर्वीची अशीच एक रात्र. तिसरीतली एक मुलगी पेटीपाशी उभी होती. मला बघून पळत आली. हातात दोन पुस्तकं. म्हणाली, “बाई, गणिताचं नेते. परिसरचं तुमच्यापाशी ठिवा. पेटीत जागा न्हाई.”

तिला मागे ठेवून घेण्यासाठी मी तीन दिवस तिच्या घरी जात होते. गावात हंगामी वसतिगृह मंजूर झालं होतं. सकाळ-संध्याकाळ जेवण मिळालं असतं, रात्री चुलत्याच्या घरी झोपली असती. तिच्या आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग मांडीवरच्या दहा महिन्यांच्या लेकराकडे बोट दाखवून म्हणाली, “बाई, हिला ठिवली तर ह्येला कोण बघंल? म्या फडात वाकलेली असल्यावर हा झाडाखाली एकलाच. बिबट्या फिरतोय तिकडं. तुम्हीच सांगा, कोयता टाकू का?” नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घ्यायची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, आखाडातच घेऊन खर्चून झालेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मी तिला एक शंभरपानी वही दिली. शिक्षण हमी कार्ड त्या वहीतच ठेवलं, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल व्हायची वेळ आली तर सापडेल. म्हटलं, “रोज एक ओळ लिही. काहीही लिही.” तिने विचारलं, “एकच?”

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना गेलेल्यांचं नाव आलं की उरलेली लेकरं एका सुरात सांगतात, “कारखान्याला!” हे दर वर्षी होतं. आणि दर वर्षी आणखी एक होतं. मधल्या जागा रिकाम्या राहतात. जवळ सरका म्हटलं तरी कुणी कुणाच्या जागेवर सरकत नाही. पाच-सहा दिवस जातात, मग आपोआप वर्ग आक्रसून फळ्याजवळ येतो. ते पाच-सहा दिवस शिकवणं जड जातं. मी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहायला रकाना नाही.

माझी स्वतःची मुलगी लहान होती तेव्हा मी घरी आले की पर्स खाली ठेवायच्या आत ती विचारायची, “आज कोण रडलं?” तिला वाटायचं, शाळेत शिकवणं म्हणजे रोज कुणीतरी रडतं आणि आई त्याला गप्प करते. मी तिला रोजच्या रोज सांगायची. कुणाची पाटी फुटली, कुणाचा बाप दारू पिऊन शाळेच्या फाटकाशी आला, कुणाला गावात जातीवरून कुणी काय बोललं. ती ऐकून घ्यायची आणि जेवायला बसायची. आता मागे वळून बघताना कळतं की माझ्या शाळेचा दिवस ऐकून घेणारं एवढं एकच माणूस होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं. हे बरोबर नव्हतं. तिच्यावर ते ओझं टाकायला नको होतं.

आता माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं म्हणणं नीट कळणार नाही.

ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख होती. दिवसा साइट चालत नव्हती, म्हणून आदल्या रात्री दीडपर्यंत जागून मी विद्यार्थ्यांची माहिती भरली. एका लेकराच्या आधारवरचं नाव आणि रजिस्टरचं नाव जुळेना, तेवढ्यावर तासभर गेला. सकाळी शाळेत चौथीतला एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपलेला. दोनदा हाक मारली, उठला नाही. मी जाऊन त्याचा कान पिळला. जोरात पिळला. सगळा वर्ग बघत होता. तो रडला नाही, नुसता बघत राहिला.

दुपारी खिचडीचं ताट त्याने पुढे सरकवून दिलं. त्याची पहिलीतली बहीण म्हणाली, “माय-दादा रात्री गेले. त्यो दारातच झोपला व्हता.” त्याचे आईवडील त्या आठवड्यात जाणार हे मला माहीत होतं. वसतिगृहाच्या यादीत त्या दोघांची नावं मीच लिहिली होती. एरवी लेकरू वर्गाच्या दारातून आत येतं तेव्हाच निम्मं कळतं. केसांना तेल आहे का, शर्टाची बटणं नीट लागली आहेत का, दप्तर ठेवतो की टाकतो. त्या दिवशी त्याच्या केसांना तेल नव्हतं. मला ते दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “असूद्या बाई.” नऊ वर्षांचं लेकरू, आणि एखाद्या मोठ्या माणसासारखं मलाच समजावत होतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. बंदी योग्यच आहे, आणि माझं वागणं त्या कलमाविरुद्धच होतं. जागरणाची सबब मी सांगत नाही. मी एवढंच सांगते की शिकवण्याच्या कामात जे मूळ हत्यार आहे ते लक्ष आहे, आणि थकलेल्या मनाने लेकरू दिसत नाही. धडा शिकवता येतो, फळा भरता येतो, प्रश्नपेढी सोडवून घेता येते. समोरचं लेकरू मात्र दिसत नाही.

हाच कायदा जरा पुढे वाचला तर २९ वं कलम येतं. २००९ साली संसदेने मंजूर केलेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्यात अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना म्हटलं आहे की मुलाला भीती, आघात आणि चिंता यांतून मुक्त ठेवावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. म्हणजे दारात झोपलेल्या त्या मुलाची भीती माझ्या कामात येते. ती माझी हौस नाही, माझ्या स्वभावाचा भाग म्हणून सोडून द्यायची गोष्टही नाही. कायद्याने ते काम शाळेला दिलं आहे. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास पूर्वतयारीसह, हे सगळं त्याच कायद्याच्या अनुसूचीत मोजून दिलेलं आहे. भीती घालवायला किती तास लागतात ते मात्र मोजलेलं नाही. ते मोजता येणारही नाही. पण त्यासाठी शिक्षकाच्या अंगात काही उरावं लागतं, एवढं तरी मान्य करा.

अशैक्षणिक कामांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यावर संघटना बोलतात, निवेदनं देतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच कामं २७ व्या कलमात आहेत. निवडणुकीचं कामसुद्धा शक्यतो सुटीच्या आणि शिकवण्याव्यतिरिक्तच्या दिवशी द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितलं आहे. हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. मला फक्त त्यातली एक आठवण सांगायची आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ऊसतोड कामगारांना घरी परतायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्यापैकी अनेकांची ड्यूटी चेकपोस्टवर होती. मी नोंदवही घेऊन बसले होते. एक गाडी थांबली आणि वरून आवाज आला, “बाई!” माझी दोन लेकरं ताडपत्रीवरून वाकून हात हलवत होती. पाच महिन्यांनी भेटत होती. मला जवळ जाता येईना, हात लावता येईना. तोंडाला मास्क, त्यामुळे मी हसते आहे हेसुद्धा त्यांना दिसलं नसेल. मी त्यांची नावं वहीत लिहिली, वय लिहिलं, ताप नाही असं लिहिलं. त्या दिवसाचं ते कामही मी मनापासून केलं, आणि ते करायलाच हवं होतं. पण रात्री घरी गेल्यावर ती गाडी डोळ्यांपुढून हलेना.

अशा वेळी सहकारी आणि वरिष्ठ आपुलकीने एक सल्ला देतात : “मॅडम, फार गुंतू नका.” मलाही तो पुष्कळदा मिळाला आहे. देणाऱ्याच्या मनात माया असते हे मला ठाऊक आहे, तरीही हा सल्ला चुकीचा आहे असं मी तेवीस वर्षांनंतर ठामपणे म्हणते. पहिलीचं लेकरू बाईंसाठी अक्षर गिरवतं. त्याला ‘क’शी काही देणंघेणं नसतं. बाई बघणार, बाई शाबास म्हणणार, म्हणून ते ‘क’ काढतं. बाई गुंतलेली नसेल तर ते त्याला पहिल्या आठवड्यात कळतं आणि मग ते ‘क’ काढायचं सोडतं. गुंतल्याशिवाय प्राथमिक शाळेत शिकवताच येत नाही. प्रश्न आहे तो एकट्याने गुंतण्याचा.

आमच्या शाळेत दुसरे गुरुजी आहेत ते शिक्षणसेवक आहेत. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आले. वय सव्वीस. तीन वर्षं मानधनावर, महिना १६ हजार. २०२३ पूर्वी हेच मानधन ६ हजार होतं. गेल्या वर्षी पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत ते पोत्यावर बसून रडताना मला दिसले. दुसरीतल्या एका मुलीने त्यांना विचारलं होतं, “गुर्जी, माझी माय परत येनार न्हाई का?” आई खरंच परत येणार नव्हती. संसार मोडून गेली होती, सगळ्या गावाला माहीत होतं. गुरुजींनी मुलीला सांगितलं, “येईल.” आणि मग खोलीत येऊन बसले. मला म्हणाले, “मॅडम, मी खोटं बोललो. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नाही.” मी त्यांच्याजवळ बसले. मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांना फक्त सांगितलं की माझ्या तिसऱ्या वर्षी मीही असंच खोटं बोलले होते आणि ते लेकरू पुढे माझ्यावर रागावलं नाही. तेवढ्यानेही त्यांचा उतरलेला चेहरा जरा सावरला. मधली सुटी संपायला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. दहा मिनिटांचं बोलणं, पण त्यानंतर ते त्या मुलीशी खरं बोलायला तयार झाले. चार दिवसांनी बोललेही. ते काय बोलले ते त्या दोघांचं आहे, मी इथे लिहिणार नाही.

आता जी गोष्ट लिहायला मला सगळ्यात वेळ लागला ती लिहिते.

माझ्या वर्गातला एक मुलगा हंगामात कारखान्याच्या तळावर गेला. ट्रॅक्टर मागे घेताना चाकाखाली आला. सात वर्षांचा होता. सकाळी अकराच्या सुमारास गावात फोन आला आणि शाळेच्या स्वयंपाकी ताईंनी मला येऊन सांगितलं. मी वर्गात गेले आणि उरलेल्या लेकरांची वजाबाकी पूर्ण करून घेतली. का ते मला माहीत नाही. उदाहरण अर्धं राहिलं होतं.

जनरल रजिस्टरमध्ये ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. तिथे मी ‘मयत’ लिहिलं. त्याच ओळीत डावीकडे त्याची जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत लिहिलेली होती. तीही माझ्याच हातची. दाखल करताना त्याच्या आईला तारीख सांगता येत नव्हती, पोळ्याच्या आधी आठ दिवस एवढंच ती सांगत होती, आणि आम्ही दोघींनी अंगणवाडीच्या नोंदीवरून ती शोधून काढली होती. तिने मला तेव्हा चहा पाजला होता.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, “आज कोण रडलं?” मला उत्तर देता आलं नाही. ती तेव्हा सहावीत होती. तिने पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही.

दोन दिवसांनी शिक्षण परिषद होती. तीस-बत्तीस शिक्षक, एका मोठ्या शाळेचा वर्ग, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. चाचणीचे गुण, अवैध आधार, पोषण आहाराचा शिल्लक साठा. शाळावार आढावा सुरू झाला. माझ्या शाळेचा पट एकाने कमी का, असं विचारलं गेलं. मी उभी राहून म्हटलं, “विद्यार्थी मयत.” समोरचे अधिकारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरं. पोर्टलवर दुरुस्त करून घ्या.” मी बसले. पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

ते साहेब वाईट नव्हते. हे मी मनापासून सांगते, कारण चहाच्या वेळी ते पायऱ्यांवर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या पहिल्या शाळेतली एक मुलगी विहिरीत पडून गेली होती. त्याला वीस वर्षं झाली होती. तिच्या फ्रॉकचा रंग त्यांना आठवत होता. पायऱ्यांवर ते मला हे सांगू शकले, आत खुर्चीवर बसून सांगू शकले नाहीत. आतल्या कामकाजात त्याला जागाच नव्हती. तुमच्यापैकी किती तरी जण, केंद्रप्रमुख तर जवळपास सगळेच, आधी शिक्षक होते. तुमच्याही मनात असं एखादं लेकरू असणारच.

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. भाषणात शेण-चिखल येतो, पिशवीतलं जादाचं लुगडं येतं, १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी लेकरू पाठीवर घेऊन केलेली धावपळ आणि १० मार्चचा मृत्यू येतो. तो त्याग खराच आहे. पण त्या त्यागाची आठवण आम्हाला बहुतेक वेळा ‘तुम्हीही निमूट सोसा’ अशा सुरात करून दिली जाते, आणि ते मला पटत नाही. सावित्रीबाईंचं एक पत्र आहे, १८५६ सालचं. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या, आणि तिथून जोतीरावांना लिहीत होत्या. त्या पत्रात त्यांना शाळेतल्या आपल्या सहकारी फातिमाची काळजी वाटते. आपण नसल्याने तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. स्वतः अंथरुणाला खिळलेल्या असताना त्यांच्या डोक्यात मागे राहून एकटीने शाळा चालवणारी सहकारी आहे. ती बोलणार नाही, म्हणून आपणच ओळखलं पाहिजे, एवढी जाण त्या एका वाक्यात आहे. आणि याच शाळांनी काय घडवलं ते बघा. आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, तिथल्या विद्यार्थिनीचा, अवघ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा, आपल्या समाजाच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी, असं आपला कायदा दीडशे वर्षांनी म्हणतो. त्या शाळेत ते होत होतं, आणि तिथल्या शिक्षिका एकमेकींची काळजी वाहत होत्या. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

फातिमाविषयी जे सावित्रीबाईंना कळलं ते खात्याला आमच्याविषयी कळावं, एवढीच माझी मागणी आहे.

दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद होतेच. नवा जीआर नको, नवं पोर्टल नको, निधीही नको. त्याच परिषदेतला एक तास बाजूला काढा. शाळेचे साधारण दहा महिने धरले तर वर्षाचे दहा तास. त्या तासात प्रोजेक्टर बंद असावा. दोन-तीन शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या एकेका लेकराविषयी बोलावं, जे लेकरू त्या महिन्यात त्यांच्याबरोबर घरी आलं, झोपेत आलं. नाव सांगू नये, गाव सांगू नये. बाकीच्यांनी ऐकावं. ज्यांच्या वाट्याला तसंच काही आलं असेल त्यांनी आपण काय केलं ते सांगावं, चुकलेलंही सांगावं. केंद्रप्रमुखांनी त्या तासापुरतं आमच्यात खाली बसावं आणि हातात पेन घेऊ नये. इतिवृत्त नको. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, ही अट तर मी हात जोडून घालते, कारण फोटो आला की माणूस बोलायचं थांबतो. ज्यात खरोखर काही करण्यासारखं असेल, म्हणजे लेकराला तपासणीला न्यायचं आहे, बालकल्याण समितीला कळवायचं आहे, वसतिगृहाचा प्रस्ताव अडला आहे, ते तासानंतर केंद्रप्रमुखांनी आणि त्या शिक्षकाने मिळून पुढे न्यावं.

यातून तक्रारींचं गाऱ्हाणं होईल, असं कुणी म्हणेल. पहिल्या दोन-तीन वेळा होईलही. साचलेलं आधी तसंच बाहेर येतं. त्याला घाबरून तास बंद करू नका. कुणी म्हणेल, शिक्षक बोलणार नाहीत. पुरुष शिक्षकांबद्दल हे हमखास म्हटलं जातं. तांदळाच्या खोलीतल्या आमच्या गुरुजींना मी विचारलं, असा तास झाला तर बोलाल का? ते म्हणाले, “बोलीन की नाही ते माहीत नाही. पण बसेन.” एवढं मला पुरेसं वाटलं.

आणि एक विनंती जाता जाता, कारण तिच्यावाचून वरचं सगळं अपुरं राहील : हंगामी वसतिगृहांची मंजुरी गाड्या भरायच्या आधी हातात द्या. मंजुरी आधी असेल तर आम्ही आईसमोर बसून बोलू शकतो. गाड्या गेल्यावर आलेल्या कागदाचं आम्ही काय करायचं?

वहीचं सांगायचं राहिलं. ती तिसरीतली मुलगी एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आली. उन्हाने काळी पडली होती, उंच झाली होती, दोन्ही तळहातांना घट्टे होते. हमी कार्ड वहीत जसंच्या तसं होतं, तिकडच्या शाळेत कुणी नेलंच नव्हतं. पण वही भरलेली होती. रोज एक ओळ. ‘आज ४२ मोळ्या झाल्या.’ ‘आज बारक्या चालला.’ ‘आज पाणी लांब होतं.’ ‘आज मायला ताप.’ काही पानांवर फक्त आकडे, कारण मुकादमाचा हिशोब ती पडताळून बघत होती, आणि एका ठिकाणी तिने मोळ्यांची बेरीज करून खाली लिहिलं होतं, ‘मुकादमाचं चुकलं.’ बेरीज मी तपासली. तिची बरोबर होती. शेवटच्या पानावर एका ओळीत विचारलं होतं, ‘बाई तुम्ही रोज काय लिहिता?’

मी तेव्हा काहीच लिहीत नव्हते. त्यानंतर मी एक वही केली आहे, आणि रोज एक ओळ लिहिते. त्या मुलीने आपली वही मला दाखवायला दिली होती. मी तिला विचारलं, इतर शिक्षकांना वाचून दाखवू का? ती म्हणाली, “दाखवा, पण मुकादमाला नका दाखवू.” तिचं नाव झाकून मी त्यातली पानं जपून ठेवली आहेत. आमच्या केंद्राची पुढची परिषद येत्या महिन्यात आहे. तो तास दिलात तर मी त्या दोन्ही वह्या घेऊन येईन. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर यावं, आणि येताना आपल्या मनातलं एक लेकरू घेऊन यावं.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, बीड जिल्हा